मोटेलच्या दारात उभं राहिलेलं गाव

"नायगारा बघितला का?" अमेरिकेहून परत आल्यापासून कोल्हापुरात मला हा प्रश्न दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारला. नाही म्हटलं की समोरचा माणूस असा बघतो, जणू मी ज्योतिबाला जाऊन देवळात न शिरता खाली उतरले. मग काय बघितलं, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर दिलं की लोक विषय बदलतात. कारण मी अमेरिकेत जाऊन आफ्रिकेतलं एक गाव बघून आले, आणि तेही ह्यूस्टनमधल्या एका मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत. प्रत्येकाला तोंडी सांगून दमले, म्हणून आता पहिल्यापासून लिहून काढते.

चँडलर

माझी धाकटी बहीण शैला ऍरिझोनातल्या चँडलरला राहते. तिचे यजमान विनायकराव चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे ते माजी अध्यक्षही आहेत. मंडळं तिथं दोन आहेत. एक नुसतं मंडळ आणि दुसरं, फुटून निघालेलं, 'खरं' मंडळ. विनायकराव खऱ्या मंडळाचे. गणपतीत ढोल-ताशा पथक, दिवाळी पहाट, मुलांसाठी रविवारचे श्लोकवर्ग, सगळं त्यांनी उभं केलं. घरात शिरल्याशिरल्या महाराजांची मूर्ती, तिच्या मागे नऊवारीतल्या बायकांचा मोठा फोटो आणि त्या फोटोखाली एसीचं बटण. संस्कृती थंड हवेत नीट टिकते.

त्यांची मुलगी रेवा जनावरांची डॉक्टर आहे. जन्म चँडलरचा. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी गेले त्याच आठवड्यात तिनं जेवताना सांगितलं, "मावशी, आय ॲम गेटिंग मॅरिड. त्याचं नाव आयोदेले. आयो म्हण."

मुलगा योरुबा. योरुबा म्हणजे नायजेरियाच्या नैऋत्येकडचे लोक. आईवडील तिथून आलेले, मुलगा ह्यूस्टनमध्ये वाढलेला आणि फिनिक्समध्ये हायस्कुलात गणित शिकवणारा.

विनायकरावांनी ताटातली कोशिंबीर संपवली आणि म्हणाले, "रंगाचा प्रश्नच नाही." मग हात धुऊन आल्यावर म्हणाले, "हे बघा, रंगाचा प्रश्नच नाही." आणि झोपायला जाताना जिन्यावरून, "ताई, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका, रंगाचा प्रश्नच नाही."

जो प्रश्नच नाही तो माणसाला इतक्यांदा का सोडवावा लागतो, हे मी विचारलं नाही. बहिणीच्या घरी पाहुणी होते. शिवाय त्यांची दुसरी हरकत ऐकून मलाच राग आला होता. "शाळामास्तर आहे हो," असं ते शैलाला म्हणाले. मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, हे ते त्या क्षणी विसरले असावेत.

आठवडा गेला. मग रेवा म्हणाली की ह्यूस्टनला आयोच्या घरच्यांनी बोलावलंय. शनिवारी त्यांच्या गावाचा वार्षिक मेळावा आहे आणि रविवारी ते रीतसर मागणी घालायला येणार. "बाबा, मी लग्न करणारच आहे. पण त्यांच्यात मुलीच्या घरच्यांनी दिल्याशिवाय मुलगी नेत नाहीत. यू हॅव टू गिव्ह मी."

"नुसतं बघून येऊ," विनायकराव म्हणाले. विमानानं नाही, गाडीनं. गाडी असली की केव्हाही उठून निघता येतं.

व्हॅन हॉर्न

चँडलरहून निघालं की एकच रस्ता ह्यूस्टनपर्यंत जातो. वळण घ्यायचं ते फक्त पेट्रोल आणि मुतारीसाठी. शैलानं बरोबर ठेपले, दाण्याची चटणी, मेतकूट, भात लावायला छोटा कुकर आणि थालीपिठाची भाजणी घेतली होती. वाळवंटातून जाताना दोन्ही बाजूंना निवडुंग हात वर करून उभे होते, लुटालूट चालू असल्यासारखे. न्यू मेक्सिको केव्हा आलं आणि गेलं कळलं नाही. टेक्सास मात्र लागलं ते संपायलाच तयार नव्हतं.

वाटेत मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या एका तपासणी नाक्यावर थांबवलं. हुंगणाऱ्या कुत्र्याची दोरी धरलेल्या गणवेशातल्या तरुणानं खिडकीशी वाकून विचारलं, "अमेरिकन नागरिक?" एवढ्या प्रश्नाला 'हो' हे उत्तर पुरतं. विनायकरावांनी कंपनी, हुद्दा, कर कसा वेळेवर भरतो ते आणि मेव्हणी सरकारी शाळेतून सन्मानानं निवृत्त झाल्याचं सांगितलं. मी माझा पासपोर्ट पुढे केला. तेवढ्यात मागच्या सीटवरून रेवा त्या माणसाला म्हणाली, "तुमच्या कुत्र्याचा डावा कान दुखतोय. डोकं बघा कसं झटकतोय. चेक करून घ्या." त्यानं कुत्र्याकडे पाहिलं, कान उचलला, आणि आम्हाला अगदी घरच्यासारखं हात हलवून सोडलं.

"उगाच मध्ये बोलू नये," विनायकराव पुढे गेल्यावर म्हणाले.

मुक्काम व्हॅन हॉर्न नावाच्या गावात केला. संध्याकाळी शैलानं खोलीत भात लावला आणि कुकरच्या पहिल्या शिट्टीला धुराची घंटा वाजली. सगळं मोटेल अंगणात. विनायकराव गर्दीत उभे राहून इतरांबरोबर "कोण हे लोक!" अशा चेहऱ्यानं आमच्याच खिडकीकडे बघत होते.

जेवताना शैलानं भीत भीत विचारलं, "अहो, मागणीला आले तर काय बोलायचं ते ठरवूया का?"

"मुलीच्या बापाला बोलायचं काय असतं? हात जोडून उभं राहायचं. सगळीकडे तेच."

ते भाताकडे बघत बोलले. मी रेवाकडे पाहिलं. ती फोनवर आयोशी बोलत होती. त्या घरात आई नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि लेक होणाऱ्या नवऱ्याला 'आयो'. हाक आली की कोणी वळायचं, हा घोटाळा तेव्हापासून सुरू झाला.

ह्यूस्टन, शनिवार

मेळाव्याची वेळ दुपारी दोनची होती. आम्ही दोनला पाच कमी असताना टायरच्या दुकानाशेजारच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये हजर. आत एक माणूस फुगे फुगवत होता. त्यानं आमच्याकडे दयेनं पाहिलं आणि खुर्च्या दिल्या. कार्यक्रम साडेचारला सुरू झाला.

"वेळेची काही शिस्त?" विनायकराव पुटपुटले. शैला म्हणाली, "आपल्या दिवाळी पहाटेला पहिला सूर लागला तेव्हा लोक जेवणाचं विचारत होते."

मग लोक आले, आणि मी आयुष्यात एवढे रंग एका छपराखाली पाहिले नव्हते. एका घरातल्या सगळ्यांचे कपडे एकाच कापडाचे. बायकांच्या डोक्याला ताठ, चुणीदार, पसरलेले कापडी फेटे. असे की मागच्या रांगेतल्याला व्यासपीठ दिसू नये. आमच्या मंडळाच्या शोभायात्रेत फेटे बांधणाऱ्या बायका बघून विनायकरावांचा ऊर भरून येतो. इथं ते म्हणाले, "जरा जास्तच होतंय."

पुढचं सगळं मला तोंडपाठ होतं. स्मरणिका, तिच्यात एकामागून एक माजी अध्यक्ष. सत्कार. सत्काराला उत्तर. मग मुलांना ढकलत व्यासपीठावर आणून योरुबा म्हणी म्हणायला लावल्या. मुलं म्हण अर्धी विसरून इंग्रजीत "दॅट्स इट" म्हणाली आणि आयांनी डोळे पुसले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच सांगितलं की ही एकच संघटना नाही. त्यांच्या गावात राजाची दोन घराणी आहेत, गादी आळीपाळीनं जाते. मागच्या वेळी कोणाची पाळी होती यावरून ह्यूस्टनमधल्या गावकऱ्यांत फूट पडली. दुसऱ्यांचा मेळावा आज, याच वेळी, शहराच्या पलीकडच्या टोकाला चालू आहे.

"तुमची खरी का त्यांची?" मी विचारलं.

"आमचीच खरी," त्या म्हणाल्या.

विनायकरावांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच आपलेपणा दिसला.

मग आयोचे आजोबा बोलायला उठले. उंच, वाळकुडे, गुडघ्यांनी अधू, अंगात पायघोळ निळा झगा. सगळे त्यांना 'बाबा' म्हणत होते. योरुबात बाप, आजोबा, कोणताही वडीलधारा हा बाबाच. गावाचं नाव त्यांनी घेतलं ते मला दहा वेळा ऐकूनही उच्चारता आलं नाही. त्यांच्या भाषेत अक्षर वर चढवून म्हटलं तर एक अर्थ आणि खाली उतरवून म्हटलं तर दुसरा. चुकून काही भलतं लिहिलं जायला नको, म्हणून लिहीत नाही.

गावाची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी: एका शिकाऱ्यानं रानरेड्याचा माग काढत टेकडी गाठली, तिथं झरा दिसला. कौल लावला, कौल मिळाला, माणसं आली. मागून मणी ओवलेला मुकुट घेऊन एक राजपुत्र आला आणि म्हणाला, मी राजा. शिकारी म्हणाला, हो, पण जमीन माझी. तेव्हापासून राजाला अभिषेक शिकाऱ्याच्या वंशजानं केल्याशिवाय तो राजा होत नाही. आजूबाजूची गावं लढायांत जळाली तेव्हा लोक इथं आसऱ्याला आले, गावाभोवती मातीची भिंत आणि खंदक झाला. राजाचा चेहरा कोणी बघायचा नाही, म्हणून मुकुटाला मण्यांच्या झालरी. राजवाड्यासमोर बाजार, आणि बाजार बायकांचा. भाव त्या ठरवणार, भांडण त्या मिटवणार, आणि राजा फार शेफारला तर बाजार बंद करून त्याला जमिनीवर आणणार. एका अंगणाभोवती भावाभावांची घरं. पहाटे आजी नातवाला उठवायची ती त्याच्या घराण्याची बिरुदावली गात. ती ऐकल्याशिवाय पोर डोळे उघडायचं नाही. नीळ घातलेल्या रांजणांत कापड बुडवलेलं असायचं आणि नदीकाठच्या बायकांचे हात कोपरापर्यंत निळे.

"आणि आता?" समोरच्या एका तरुणानं विचारलं.

"आता राजवाड्यावर पत्रा आहे," आजोबा म्हणाले. "गादीवर निवृत्त कस्टम अधिकारी आहेत. त्यांचा चेहरा बघायला बंदी नाही. ते रोज स्वतःच फोटो टाकतात."

हॉल हसला. मी इतकं मोकळेपणानं कोणाला आपल्याच गावाबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं. मेळाव्यात तर नाहीच.

जेवणात वाटल्या चवळीचे वडे होते. अकारा म्हणतात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आपल्या भज्यांच्या सख्ख्या मावसभावासारखे. शैलानं बिचकत एक घेतला आणि मग बशी जवळ ओढून घेतली. पिकल्या केळ्याचे काप होते, लाल भात होता. रश्श्याकडे बोट दाखवून आयोची आत्या मला म्हणाली, "हा नको, तिखट आहे." ही बाई अंगानं आणि आवाजानं सारखीच भरदार. मी हसले. म्हटलं, बाई, मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडे तांबडा रस्सा लहान मुलं पितात.

पहिल्या घासाला काही झालं नाही. दुसऱ्या घासाला माझा उजवा कान बंद झाला. नंतरचं मला नीट आठवत नाही. आत्याबाईंनी पाठीवरून हात फिरवला, समोर दही नव्हतं म्हणून आइस्क्रीम आणून दिलं, आणि म्हणाल्या, "उद्या मुलीकडून बोलायला तुम्हीच. अशा अवस्थेतही तुम्ही 'छान आहे' म्हणालात."

रीत अशी की दोन्हीकडून एकेक तोंडाळ बाई लागते. मुलाकडची दार उघडा म्हणते, मुलीकडची उघडत नाही. "आमचा नीट अपमान करा," आत्याबाईंनी बजावलं. "कमी पडलं तर लोक म्हणतील मुलगी स्वस्तात दिली."

ह्यूस्टन, रविवार

मागणी मुलीच्या घरीच व्हायला हवी. मुलीचं घर चँडलरला. मग तोडगा निघाला की बाप जिथं उतरलाय तेच त्याचं घर. म्हणजे आमचं मोटेल. मालक गुजराती होते. त्यांच्या बायकोनं नाश्त्याची वेळ संपल्यावर ती खोली आम्हाला दिली, वॉफलचं यंत्र पुसून कोपऱ्यात सरकवलं, आणि स्वतःही नवी साडी नेसून आली. लग्नकार्याला परकं कोण असतं?

साधारण अकराला बाहेरून ढोलकाचा आवाज आला. त्यांचा तो ढोल काखेत दाबून वाजवतात आणि तो बोलतो. खरंच बोलतो. अक्षरांचे चढउतार तो ढोल काढतो आणि ऐकणाऱ्याला शब्द कळतात. काचेच्या दारापलीकडे आयोच्या आईवडलांसकट तीसेक माणसं, सगळी एकाच निळ्या कापडात, डोक्यावर टोपल्या. टोपल्यांत मांडीएवढे सुरणासारखे कंद, फळं, मध. मागे एक ट्रकवाला आपली बॅग घेऊन खोलीची किल्ली द्यायला थांबलेला.

मी दार अडवून उभी राहिले. इंग्रजी माझं पुस्तकी. पण वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांशी बोलायचं असतं तेव्हा भाषा आपोआप येते.

"कोण तुम्ही? आणि उशीर का झाला?"

"तुमच्या बागेत एक फूल पाहिलं," आत्याबाई गायल्या. "ते मागायला आलोय."

"इथं बाग नाही, पार्किंग आहे. आणि आमचं फूल शिकलेलं आहे. मुलगा काय करतो?"

"गणित शिकवतो!"

"शिक्षक?" मी मागे वळून विनायकरावांकडे बघत मोठ्यानं म्हटलं, "मग निदान एका बाबतीत घराणं चांगलं दिसतंय." शैलानं तोंडाला पदर लावला.

मग मी सांगितलं की आमच्यात नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. आयो पुढे आला. उंच, चष्मा लावलेला, घाबरलेला. रेवानं त्याची तयारी करून घेतली होती. योरुबा बोलणाऱ्या घरात वाढलेला, त्यामुळे त्यानं तो उखाणा म्हटला नाही, गायला:

"ऍरिझोनात निवडुंग वाढतात ताठ,
रेवाचं नाव घेतो, मावशी, सोडा वाट."

'ताठ'चं 'ताट' झालं होतं. जेवणाच्या ताटासारखे निवडुंग मी डोळ्यांसमोर आणून पाहिले आणि दार सोडलं. ढोल कडाडला. ट्रकवालाही किल्ली विसरून आत आला आणि एक खुर्ची धरून बसला.

समोर सोफ्यावर विनायकराव आणि शैला. विनायकरावांनी सूट घातला होता आणि हात आधीच अर्धवट जोडलेले होते. आजोबा समोरच्या खुर्चीत टेकले. आता ओळख द्यायची. त्यांची बिरुदावली आत्याबाईंनी गायली आणि आजोबांनी आम्हाला इंग्रजीत अर्थ सांगितला. त्यातली एक ओळ अशी: जे लढाईतून सगळ्यांत आधी पळाले, म्हणून आजवर उरले.

"हेही गातात?" मी विचारलं.

"नुसतं कौतुक पुढाऱ्यांचं करतात," आजोबा म्हणाले. "माणसाचं सगळं गावं लागतं. आता तुम्ही सांगा. मुलगी कुठल्या गावची?"

"सातारा जिल्ह्यात आमचं..." विनायकरावांनी सुरुवात केली.

"चँडलर," रेवा म्हणाली.

विनायकरावांची मान खाली गेली. तीस वर्षं ते तिला जे गाव सांगत आले ते तिनं एकदा पाहिलं होतं, तेही तापानं फणफणत.

"आय ॲम सॉरी, बाबा. पण मी चँडलरचीच आहे ना?"

"कोणी वसवलं ते गाव?" आजोबांनी पुढे वाकून विचारलं.

"एका व्हेटनं. जनावरांच्या डॉक्टरनं. तो तिथं आला, जमीन घेतली, कालव्याचं पाणी आणलं."

आजोबांनी मांडीवर थाप मारली. "आणि ही जनावरांची डॉक्टर! शिकाऱ्याच्या गावाला वैद्याचं गाव मिळालं!" ढोलवाल्यानं ते उचललं. खोलीत एकदम आनंदीआनंद. मग आजोबा विनायकरावांकडे वळले. "आणि तुमचं घराणं? लोक काय म्हणून ओळखतात?"

मराठी माणसाला घराण्याचा इतिहास विचारला की तो 'महाराजांच्या काळापासून' म्हणतो आणि छताकडे बघतो. विनायकरावांनीही तसंच म्हटलं आणि तसंच बघितलं. मोटेलच्या छतावर धुराची घंटा होती. आणि ते एकदम, कोणाकडेही न बघता, म्हणाले, "कोरडे."

"म्हणजे?"

"गावात आम्हाला कोरडे म्हणतात. आडनाव वेगळं आहे. माझ्या आजोबांनी विहीर खणली. सगळ्यांनी सांगितलं तिथं पाणी नाही. त्यांनी खणलीच. बैल विकून खणली. पाणी लागलं नाही. शाळेत मला कोरड्याचा विन्या म्हणायचे." त्यांनी चष्मा काढला. "मला ते आवडायचं नाही."

"बाबा," रेवा म्हणाली, मराठीत, "हे तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

'बाबा' ऐकून आजोबांनीही वर पाहिलं. ते उत्तरासाठी थांबले नाहीत. डोळे मिटून, खुर्चीत डोलत त्यांनी गायला सुरुवात केली. आत्याबाई ओळीमागे ओळ धरत होत्या, ढोल प्रत्येक शब्द परत बोलत होता, आणि आयो आम्हाला सांगत होता: "वैद्यानं वसवलेल्या गावची लेक. पाणी नाही म्हटलं तरी खणणाऱ्यांची पणती. पाणी मिळालं नाही म्हणून समुद्र ओलांडून गेले, त्यांची मुलगी."

मी शाळेत वंशावळी पुष्कळ शिकवल्या. कोरडी विहीर अशी डोक्यावर घेऊन नाचवलेली मी पाहिली नव्हती.

आणि मग आत्याबाईंनी इशारा केला. आयो आणि त्याचे सगळे भाऊ, मित्र, एका रांगेत विनायकरावांच्या पायांपुढे पालथे झाले. नुसते वाकले नाहीत. छाती जमिनीला, कपाळ मोटेलच्या गालिच्याला. धिप्पाड, दाढीवाले, एक तर वकील होता. सगळे आडवे.

विनायकराव सोफ्यावर ताठ. जोडायला घेतलेले हात तसेच हवेत राहिले.

सेकंद गेले. ढोल वाजतोय. पोरं पडलेली. त्यांनी उठायचं ते मुलीच्या बापानं उठा म्हटल्यावर, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, उठतील आपापले. त्यांना वाटलं, बाप समाधानी नाही. आत्याबाईंचं गाणं अडखळलं. शैला माझ्या कानात कुजबुजली, "ताई, यांच्या बहिणीच्या लग्नात सासऱ्यांनी वरबापाच्या पायांवर टोपी ठेवली होती. हे तेव्हा बारा वर्षांचे. शेजारी उभे होते." मी विनायकरावांकडे पाहिलं. ते रडत नव्हते. ते मोजत असल्यासारखे एकेका पाठीकडे बघत होते.

तेवढ्यात आजोबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि उठले. आपले अधू गुडघे वाकवून तेही खाली जायला लागले.

"नो, बाबा!" आत्याबाई ओरडल्या.

"अहो, बाबा!" रेवा ओरडली.

विनायकराव सोफ्यावरून उडालेच. "अहो आजोबा, असं काय करता, अहो!" असं अस्सल सातारी मराठीत म्हणत त्यांनी म्हाताऱ्याला काखेत धरलं. धरलं आणि सवयीनं वाकून पायाला हात लावला. आता वडीलधाऱ्या माणसाला मुलीचा बाप नमस्कार करतोय हे बघून म्हातारा पुन्हा खाली जाऊ लागला. विनायकराव त्यांच्याहून खाली. दोघंही एकमेकांना उठवत एकमेकांहून खाली जात होते आणि शेवटी सोफ्याच्या कडेला एकत्र बसकण मारून हसायला लागले.

"पोरं!" मी ओरडले. "आधी पोरांना उठवा!"

विनायकराव उठले. आयोच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला उभं केलं, कपाळाला चिकटलेला वॉफलचा बारीक कण बोटानं झटकला आणि म्हणाले, "ऊठ रे. ऊठ, बाळा." त्याला मराठी कळलं असेल असं वाटत नाही. पण तो उठला.

दुपारभर मग खाणं आणि नाचणं. शैलानं मागच्या खोलीत लावलेली थालीपिठं आत्याबाईंनी चाखली आणि तिखट कमी आहे म्हणाल्या. ट्रकवाला तीन वाजता निघाला.

परतीचा रस्ता

रेवा विमानानं गेली, तिला दवाखाना होता. आम्ही तिघं गाडीनं. शैला सारखी म्हणत होती, मंडळात काय सांगायचं ते ठरवूया. विनायकराव रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. पश्चिम टेक्सासात एका विश्रांतीच्या जागी थांबलो. समोर डोंगर, चार झाडं, बाकं, हिरवळीचा एक तुकडा.

त्यांना फोन आला. खऱ्या मंडळाचे चिटणीस. स्पीकरवर होता, त्यामुळे आम्हीही ऐकलं. "काय मग, विनायकराव, कसे काय लोक? आपल्याला जमण्यासारखे?"

"तुमच्या जावयानं तुम्हाला नमस्कार केला होता का हो?" विनायकरावांनी विचारलं.

"आमच्या? छे. हात मिळवला. व्याह्यांनी उलट माझ्याकडून..."

"मग ऐका." त्यांनी फोन बाकावर ठेवला. बूट नीट करत हिरवळीवर गेले. "ताई, तुम्ही सांगा यांना, मी दाखवतो. हात असे. छाती अशी. कपाळ हे असं, पार मातीला." आणि त्रेसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, माजी अध्यक्ष टेक्सासच्या गवतावर पालथा झोपला.

पलीकडच्या ट्रकमधून एक बाई धावत आली. तिला वाटलं, झटका आला. "सर! सर, आर यू ओके? हलू नका! मी फोन करते!"

विनायकरावांनी गवतातून मान वर केली. नाकाला माती लागली होती.

"आय ॲम फाइन," ते म्हणाले. "माय सन-इन-लॉ डिड लाइक धिस."